रंगाचा दुसरा हात

पाट्या रंगवणाऱ्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण अक्षर तसं होतं आणि हेकेखोरपणाही. नगरपालिकेची एकूण एक पाटी त्यांच्या हातची. रंगाचा पहिला हात वाळल्यावर दुसरा, दुसरा वाळायला पुरते दोन दिवस. त्याआधी ब्रह्मदेव आला तरी पाटी दुकानाबाहेर जात नसे. शेवटची तपासणी बायकोची. ती चार पावलं मागे सरायची, एक डोळा मिटायची आणि म्हणायची, "तिसरी ओळ उतरलीय." ती उतरलेलीच असायची.

बागेत फुटणाऱ्या रंगगोळ्यांच्या खेळातल्या बंदुका घेऊन लोकांनी धुडगूस घातला तेव्हा नियम झाला: सार्वजनिक जागी बंदूक चालवायची नाही, नेताना पिशवीत बंद हवी. पाटी लागली की नियम लागू. बुधवारी मास्तरांनी त्या पाटीला दुसरा हात दिला. बायकोने डोळा मिटून पाहिलं.

"ओळी सरळ आहेत. जाऊ द्या ना आजच. माजलेत लोक तिथे."

"ओली पाटी? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

पाटी न्यायला आलेला पालिकेचा माणूस हात हलवत परत गेला.

गुरुवारी सकाळी बायको भाजी घेऊन बागेतून येत होती. बाकामागून गोळी सुटली. रंगाचीच, पण दहा पावलांवरून आलेली. उजवा डोळा गेला.

गोळी झाडणारा चांगला तिशीतला, नोकरदार माणूस. "खेळता खेळता लागलं," म्हणाला, "आणि पाटी कुठे होती?" पोलीस चौकीत अधिकाऱ्याने कागद चाळले. इजेचं पुढे बघू, म्हणाला, पण नियम मोडल्याचं कलम बसत नाही. बायकोने वाटेत एक शब्द काढला नाही, घरीही नाही. महिना झाला. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना रोज वाटे. त्या दिवसापासून त्यांनी ब्रशला हात लावला नव्हता आणि पालिकेचा माणूस दोनदा येऊन गेला तरी पाटी तशीच भिंतीला टेकून होती.

एका दुपारी ती दुकानात आली. दाराच्या चौकटीला खांदा आपटला, तरी सावरून पाटीसमोर उभी राहिली. चार पावलं मागे सरली.

"आता मिटायला नको," ती म्हणाली.

तिने उरलेल्या डोळ्याने एकेक ओळ पाहिली.

"सरळ आहेत ओळी. बुधवारीही सरळच होत्या."

मग तिने पाटीवर बोट फिरवून बघितलं. रंग खडखडीत वाळला होता.