कान कापलेली करडी

आमच्या सोसायटीच्या भिंतीवर करडी मांजरी आज ऊन खात पसरली होती. तिच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं आहे. नसबंदी झाल्याची ती खूण.

पूर्वी जिन्याखाली सारखी पिल्लं व्हायची आणि बरीचशी गाड्यांखाली जायची. वैतागून मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "या मांजरींना पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून येऊ."

तळमजल्यावरच्या मंगलाताई उठल्या. "तिथे या मरतील आणि इथे दुसऱ्या येतील. त्यापेक्षा मी ऑपरेशन करून आणते."

मग सुकट ठेवलेल्या पिंजऱ्याजवळ त्या दुपारभर बसून राहिल्या. दार पडलं तशी करडी आत धडका द्यायला लागली. ताईंनी पिंजऱ्यावर जुनी साडी पांघरली. "झालं गं बाई, झालं. परत इथेच आणून सोडणारे तुला."

आणि सोडलंही. हळूहळू सगळ्याच मांजरींचं ऑपरेशन केलं.

पिल्लू तोंडात धरून, हाडं वर आलेली ही करडी जागा शोधत वणवण फिरायची. आता तिला नुसतं पडून राहता येतं. ते बघत मी उभी होते, तेवढ्यात मंगलाताई दूध घेऊन आल्या. मला राहवलं नाही.

"ताई, किती केलंत हो तुम्ही हिच्यासाठी!"

"हळू बोल," त्या म्हणाल्या, "झोपलीये ती."