खेकड्याला दात नसतात

मुंबईत टेलिव्हिजन आला त्याच्या कितीतरी वर्षं आधी आमच्या आत्यानं करी रोडच्या चाळीत टेलिव्हिजनसाठी हलती चित्रं काढणारा स्टुडिओ उघडला होता, आणि टेलिव्हिजन येण्याआधी तो बंदही केला होता. आत्या परळच्या शाळेत चित्रकला शिकवायची. परदेशात घरोघरी चित्रांची पेटी असते असं तिनं कुठल्याशा मासिकात वाचलं आणि जाहीर केलं, "पेटी आज ना उद्या येणारच. आली की तिच्यात घालायला माल नको?"

माल म्हणजे कोकणातून मुंबईला चालत निघालेला खेकडा. एका सेकंदाला बारा चित्रं, दर चित्रात आठ पाय नि दोन नांग्या. चाळीतल्या तिघीजणी दुपारचं आवरून यायच्या आणि काचेखाली दिवा लावून चित्रं गिरवायच्या. नमुन्याचा जिवंत खेकडा परातीत फिरत असायचा. माझे वडील काकुळतीला येऊन म्हणायचे, "ताई, आता तरी कालवण होऊ दे!" ती मान वर न करता सांगायची, "मागचा डावा पाय राहिलाय अजून." चाल नीट दिसावी म्हणून तिनं एकदा पोस्टमनलाही जिना चारदा चढायला लावला होता.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मोर्चा असला की आत्या स्टुडिओला कुलूप घालून तिघींसकट निघायची. एका सकाळी पोलीस पत्रकं शोधत आले, तर खोलीभर खेकडेच खेकडे! "ही कसली खूण?" फौजदारानं दरडावलं. आत्यानं एक गठ्ठा उचलून अंगठ्यानं फरफर सोडला. खेकडा तुरुतुरु चालला. "परत दाखवा," फौजदार म्हणाला. तीनदा पाहून तो हसतच जिना उतरला. पत्रकं दुसऱ्या गठ्ठ्याखाली होती.

पुढे तो खेकडा फिल्मवर उतरवून लालबागच्या थिएटरात सिनेमाआधी दाखवला गेला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. एक दंतमंजनवाले धावत आले. जाहिरातींमागून जाहिराती देतो म्हणाले. अट एकच, खेकड्यानं दात घासायचे.

"खेकड्याला दात नसतात," आत्या म्हणाली.

"बाई, कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

दंतमंजनवाले गेले ते गेलेच. दुसरं गिऱ्हाईक आलं नाही. तिघींपैकी एकीचं लग्न झालं, दोघी नोकरीला लागल्या. आत्या दोन वर्षं एकटीच गिरवत राहिली. शेवटी डोळे थकले, तेव्हा पाटी तिनं स्वतःच उतरवली.

टेलिव्हिजन आला तेव्हा ती निवृत्त झाली होती. खेकड्याचं रीळ घेऊन मी तिच्याबरोबर टेलिव्हिजन केंद्रावर गेलो. तिथला तरुण अधिकारी नम्रपणे म्हणाला, "आजी, फार उशीर झाला हो. रीळ पार खराब झालंय."

"उशीर तुम्ही केलात," आत्या म्हणाली. "मी वेळेवर होते."

परतताना हिंदमाताला एका दुकानात टेलिव्हिजन चालू होता. कुठलंसं परदेशी कार्टून होतं, ससा धावत होता. फुटपाथवर उभी राहून आत्या बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, आता ती पायांच्या चुका काढणार. पण तिनं हळूच विचारलं, "काय रे, एवढं सगळं काढणारा एकटाच असेल का? जेवायला हाक मारायला कुणी असेल ना त्याला?"