साखराबाईचा तांबडा तारा

वडीगोद्रीच्या अलीकडे आमची धनगरांची वस्ती. तिथल्या साखराबाईनं उभ्या जन्मात जालना पाहिलं नव्हतं, पण आभाळापलीकडच्या लोकांची तिला खडानखडा माहिती. दुपारी लिंबाखाली लोकर कातायला बसली की सांगायची. लांब तिकडं एक मुलूख आहे, तिथल्या माणसांना तीन डोळे, पण स्वभावानं गरीब गाय. मेंढरं राखायची, घोंगड्या विणायच्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकदा तिथं तांबडा तारा उगवला. ज्याच्या अंगावर त्याचा उजेड पडला, त्याला शेजाऱ्याचं घर आपलंच वाटू लागलं. बघता बघता ती माणसं दुसऱ्यांचे मुलूख जिंकत सुटली.

"मंग सुधरले का ते?" आम्ही विचारायचो.

"अजून न्हाई," म्हणून ती पुन्हा कातायला लागायची. असल्या अर्धवट गोष्टीचा मला भारी राग यायचा.

अठ्ठेचाळीस साली रझाकारांनी तिच्या लेकाची, त्रिंबकची, मेंढरं हाकून नेली. पुढं फौज आली, निजामाचं राज्य गेलं, वस्तीत गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिंबक कुऱ्हाड घेऊन निघाला, मागं वस्तीतली तरणी माणसं. कुठं, तर चांदभाई पिंजाऱ्याच्या घरी. तो मुसलमान, एवढाच त्याचा गुन्हा. जन्मभर त्यानं आमची लोकर पिंजली होती, आणि रझाकार आले तेव्हा आमच्याबरोबरच ओढ्यात लपला होता.

लेकाला कुऱ्हाडीला धार लावताना पाहून साखराबाई आधीच तिथं पोचली होती. चांदभाई आणि त्याची बायको आत. तिनं दारात आपली घोंगडी अंथरली, वर भंडारा टाकला आणि बसली. भंडारा टाकलेली घोंगडी म्हणजे आमच्यात देवाची गादी. वहाणा घालून तिच्यावर पाय द्यायची कुणाची छाती होत नाही.

"माय, सरक," त्रिंबक म्हणाला. "आपली मेंढरं गेली, इसरली का?"

"चांदभाईनं नेली का?"

त्यानं कुऱ्हाडीवरची मूठ आणखी आवळली.

"त्या ताऱ्याचा उजेड आलाय तुझ्या तोंडावर," ती म्हणाली. "ल्हानपनी लई इचारायचा, कसा असतो म्हून."

मागचे सगळे तिच्या गोष्टीवर वाढलेले. एकेक जण मागं सरकला. त्रिंबक मात्र तसाच उभा, आणि आमचा जीव टांगणीला. शेवटी त्यानं कुऱ्हाड बाजूला ठेवली, वहाणा काढल्या आणि आईशेजारी बसून ढसाढसा रडला. आतून चांदभाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

कचेऱ्यांत मोठमोठ्या माणसांच्या तसबिरी लागल्या. साखराबाईची कुठंच नाही, आणि मला ते अजून खुपतं. ती मात्र लिंबाखाली कातत राहिली. नवी पोरं विचारायची, मंग सुधरले का ते? शेजारी लोकर निवडणारा त्रिंबक मान खाली घालायचा.

"एक जन सुधरला," ती म्हणायची. "बाकीच्यांची वाट बघून राह्यले."