क्लच नसलेली गाडी आणि दाजींचा डावा पाय

सन १९९७, डिसेंबरातला एक रविवार. रक्कम दोन लाख दहा हजार, निम्मी माझी, निम्मी दाजींची. हजर माणसं पाच: मी, माझी बायको, माझी थोरली बहीण म्हणजे आक्का, तिचे यजमान म्हणजे दाजी, आणि साताऱ्याचे एक डॉक्टर, ज्यांची गाडी आम्ही विकत घेत होतो.

गाडी परदेशी बनावटीची, जुनी, पण स्वच्छ. तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. डॉक्टरांनी ती दोन वर्षं वापरली आणि बाजारभावापेक्षा बरीच खाली विकायला काढली. मी कारण विचारलं तर म्हणाले, "गाडीत खोट नाही. माझा आणि तिचा स्वभाव जुळला नाही." गाडीच्या बाबतीत कुणी स्वभावाची भाषा करावी, हे मला तेव्हा हास्यास्पद वाटलं होतं.

आम्हाला मात्र अशीच गाडी हवी होती. दाजी लष्करात चोवीस वर्षं ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर शिराळ्याला स्वतःची जीप घेऊन नऊ वर्षं वडाप केलं, म्हणजे माणशी भाडं घेऊन गावोगावची माणसं नेली-आणली. मग डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. क्लच दाबवेना. जीप विकली. तेव्हापासून ते पडवीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकत. "हेचा दुसरा गिअर ओरडतोय," असं काहीतरी स्वतःशीच म्हणत. आक्का मला म्हणाली होती, "माणूस बसून बसून कुजाय लागलाय रं. कायतरी बघ." डाव्या पायाला कामच नसलेली गाडी म्हणजे देवानंच धाडलेली, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

डॉक्टरांच्या फाटकाबाहेर दाजी स्टिअरिंगवर बसले, निघाले, आणि पहिल्याच कोपऱ्यावर गाडी अशी गचकन थांबली की माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. दाजींचा डावा पाय क्लच शोधायला गेला होता. क्लचच्या जागेपर्यंत पसरलेला रुंद ब्रेक त्याला सापडला आणि क्लच दाबावा तसा त्यानं तो तळापर्यंत दाबला.

"गाडी हाय का बुजलेलं घोडं?" दाजी म्हणाले.

"आवं, घोडं बुजलं न्हाई, घोडेस्वार बुजला," आक्का मागून म्हणाली.

शिराळ्यापर्यंत असं चार वेळा झालं. ज्या पायाला जिना चढताना कळ यायची, तोच पाय विजेच्या वेगानं उडी मारत होता.

गाडी महिनाभर सांगलीला आमच्याकडे आणि महिनाभर त्यांच्याकडे, असं ठरलं. आमच्याकडे आली तेव्हा मला माझाही स्वभाव कळला. गाडीबरोबर इंग्रजी पुस्तिका होती. ती मी दोनदा वाचली, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या, आणि तरीही गाडीवर माझा काडीचा विश्वास बसला नाही. ती आपण होऊन गिअर बदलायची तेव्हा शेजारी कुणी अनोळखी माणूस येऊन बसल्यासारखं वाटायचं. मी सतत ब्रेकवर पाय ठेवून चालवायचो. गॅरेजवाल्यानं ब्रेकची पट्टी काढून दाखवली आणि विचारलं, "साहेब, ही गाडी तुम्ही पुढं चालवता का धरून ठेवता?"

बायकोचं उलटं. ती चाळिशीत गाडी शिकलेली. तिनं गाडीवर पहिल्या दिवसापासून सगळं सोपवलं, जरा जास्तच. फाटक उघडायला म्हणून ती गाडी चालू ठेवून खाली उतरली. गाडी हळूहळू आपली आपण पुढं सरकली आणि फाटक वाकवून आत आली. "बघा, फाटकसुद्धा आपोआप," ती म्हणाली. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. दुसऱ्या दिवशी भाजी मंडईत गाडी सुरूच होईना. मागे रिक्षांचे भोंगे. ती म्हणते, मी हात मांडीवर ठेवून गप्प बसले आणि आदल्या दिवसापासून आतापर्यंत काय काय केलं ते आठवलं. मंडईत गाडी बंद करताना गिअरचा दांडा चालायच्या खुणेवरच राहिला होता. तो मधल्या खुणेवर, न्यूट्रलला आणल्याशिवाय ही गाडी सुरू होत नाही. हे माझ्या पुस्तिकेत होतं, रेघ मारलेलं. पण तिच्या ते हातात बसलं.

फेब्रुवारीत दाजींनी पाचगणीला जायचं काढलं. त्यांच्या पलटणीतला एक जोडीदार तिथं स्ट्रॉबेरी लावतो. आपण पुन्हा गाडी चालवतो, हे त्याला दाखवायचं होतं. दुसरं काही काम नव्हतं. जाताना सगळं सुरळीत झालं. डावा पाय दोनदाच उडाला. जोडीदारानं गाडीला फेरी मारली, दाजींच्या पाठीवर थाप मारली, दोन पेट्या स्ट्रॉबेरी दिल्या. दाजी खुलले होते. तीन वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

परत येताना पसरणी घाट उतरायला लागलो. बायकोला घाटात मागे बसलं की मळमळतं, म्हणून ती पुढे दाजींच्या शेजारी, आणि मी व आक्का मागे. दुसरं वळण गेलं आणि एकदम शांत झालं. वारा ऐकू यायला लागला. दाजींनी दांडा मधे घेऊन किल्ली फिरवली होती. इंजिन बंद.

"दाजी, हे काय?"

"उतार हाय पावणं. तेल कशाला जाळायचं? नऊ वर्सं वडाप असंच केलं."

"या गाडीत असं करायचं नाही. पुस्तकात लिहिलंय. इंजिन बंद पडलं की ब्रेक..."

"पुस्तक वाचून कोण पोहाय शिकलंय का?"

जुन्या जीपचा ब्रेक सगळा पायाच्या ताकदीवर असतो. इंजिन चालू असो की बंद, त्याला फरक पडत नाही. या गाडीचा ब्रेक हलका लागायचा तो इंजिनाच्या मदतीनं. इंजिन बंद झालं की ती मदत दोन-तीन वेळा पुरते, मग संपते. पुढच्या वळणाला दाजींनी ब्रेक दाबला, लागला. त्यापुढच्या वळणावर अर्धवट लागला. आणि मग समोर खालून एसटी आली, आमच्या वेगाला आवर राहिला नव्हता, आणि दाजींच्या तोंडून एक आवाज आला. शब्द नाही, नुसता आवाज.

त्यांचे दोन्ही पाय ब्रेकवर होते. मानेची शीर ताणलेली मला मागून दिसत होती. ब्रेक लाकडासारखा झाला होता. स्टिअरिंगही जड. त्यांनी जीपमध्ये टाकतात तसा गिअर टाकला, दांडा खाली ओढला, आणि किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. हॅन्डब्रेक नावाची वस्तू गाडीत आहे, हे चौघांपैकी एकालाही सुचलं नाही. मी काय करत होतो? मागच्या सीटवर बसून उजव्या पायानं गाडीचा पत्रा दाबत होतो.

बायकोचा हात मधे आला. तिनं दांडा मधल्या खुणेवर ढकलला, दाजींचा हात बाजूला सारून किल्ली फिरवली, आणि इंजिन सुरू झालं. ब्रेक एकदम मऊ झाला. दाजींचं सगळं वजन त्यावर होतंच. गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात एक चाक घालून उभी राहिली. एसटी अगदी आरशाजवळून गेली.

"रस्ता काय तुमच्या घरचा हाय व्हय, म्हातारबा?" एसटीचा ड्रायव्हर ओरडला आणि वर निघून गेला.

आक्कानं मांडीवरची पेटी उघडली आणि न धुतलेल्या स्ट्रॉबेऱ्या एकामागून एक खायला सुरुवात केली. मी मोजल्या नाहीत, पण खूप. दाजी खाली उतरले, रस्त्याच्या कठड्यावर बसले, आणि आपल्या डाव्या पायाकडे बघत राहिले.

"पावणं," ते म्हणाले, "चोवीस आणि नऊ. एक कोंबडी मारली न्हाई मी."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच मी हादरलो होतो. आम्हा चौघांत गाडी खरी येणारा माणूस एकच, आणि त्याला जे येत होतं त्यानंच आम्ही दरीपर्यंत पोचलो होतो. चूक त्यांच्या हाताची नव्हतीच. हात बरोबरच चालले होते, पण दुसऱ्याच गाडीत.

वाईपर्यंत आणि पुढेही गाडी बायकोनं चालवली. शिराळ्याला उतरताना दाजींनी किल्लीकडे पाहिलंसुद्धा नाही. मग महिनाभर आक्काचे फोन. एकदा म्हणाली, "आमचा निम्मा हिस्सा इकून टाका म्हणत्यात. परत पडवीत बसल्यात. आता आवाज आला तरी काय बोलत न्हाईत." गिऱ्हाईक शोधायला मी होकार दिला. मला वाटलं, संपलं.

मार्चमध्ये एका सकाळी दाजी एसटीनं सांगलीला आले. चहासुद्धा न घेता उभ्यानंच बायकोला म्हणाले, "वहिनी, ही गाडी मला शिकवा."

ती गोंधळली. "मी? तुम्हाला?"

"तुमाला ती कळली. मला न्हाई कळली."

मिरज रस्त्याकडच्या मोकळ्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी तिनं त्यांची डावी चप्पल काढून घेतली आणि पाय सीटखाली मागे ओढून ठेवायला लावला. पाय हलला की ती बोट दाखवायची. किल्लीकडे हात गेला की म्हणायची, "दाजी, वडाप बंद झालंय." एरवी लष्करी मिशांना ताव देणारा हा माणूस मान खाली घालून "व्हय" म्हणायचा. मी मैदानाच्या कडेला उभा राहून ते बघायचो आणि माझा त्यावर विश्वास बसायचा नाही. पंधरा दिवसांनी पाय जागचा हलेनासा झाला. त्यानंतर दाजींनी त्याच घाटातून गाडी खाली आणली, इंजिन चालू ठेवून. शेजारी बायको होती. तिनं हात मांडीवर ठेवले होते.

पैशाचा विषय त्यांनी पहिल्याच दिवशी काढला होता. फुकट शिकणार नव्हते. आमच्या रस्त्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलची फी नऊशे रुपये. बायको म्हणाली, "साडेचारशे द्या. निम्मं तर तुम्हाला येतंयच."

"जे येतंय त्येचीच तर अडचण हाय," दाजी म्हणाले. "पुरी घ्या."

म्हणून नऊशे. दिले दाजींनी, घेतले माझ्या बायकोनं.