आजीची ओळ

गोंदिया वेगळा होऊन आमचा भंडारा जिल्हा निम्मा उरला, त्यानंतर दोन-चार वर्षांनी शहरात एक वाचनमंडळ सुरू झालं. ते चालवणारे सर निवृत्त प्राध्यापक, पुण्याकडून येऊन इथं स्थायिक झालेले. आयर्लंडच्या खेड्यांवरची शंभर वर्षांपूर्वीची नाटकं त्यांना फार प्रिय. त्यातलं एक त्यांनी मराठीत आणलं. बाप जमिनीच्या तुकड्यासाठी पोरीचं लग्न एका म्हाताऱ्याशी ठरवतो आणि आजी आडवी येते, एवढीच गोष्ट.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवायची, माहेर जवळच्या करडी गावचं, बोली तोंडातली. म्हणून आजी माझ्या वाट्याला आली. संहिता वाचली आणि माझं डोकं फिरलं. पाद्री आणि जमीनदार शुद्ध मराठीत बोलत होते. शेतकरी तेवढे आमच्या बोलीत, आणि तीही ओढूनताणून.

"सर, पाद्री त्याच गावचा आहे. तो असा का बोलत नाही?"

"तो शिकलेला आहे, मॅडम. आणि बोलीत कसा एक निरागसपणा असतो."

मी शिकलेली होते. घरी मी तीच बोली बोलत होते. पण संहिता पिशवीत टाकून निघाले.

वाचन रविवारी दुपारी, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये झालं. ऐकायला माझी आई करडीहून आली, मागच्या खुर्चीवर बसली. माझ्या पहिल्याच "मले"ला हॉल हसला. पुढे आजी स्वतःच्या लग्नाचं सांगते. "मले कोनं इचारलं होतं? ढोर हाकलावं तसं हाकललं मले." त्यावर तर पुढच्या रांगेतले एक साहेब डोळे पुसेपर्यंत हसले.

मी कागद खाली ठेवला.

"मॅडम, पुढची ओळ," सर म्हणाले.

"बाई रडून राहिली, सर, अन् लोक हसून राहिले. मी नाही वाचत."

"लोकांना आवडतंय. ही नाटकाचीच ताकद आहे."

"मग तुम्हीच वाचा."

त्यांनी खरंच वाचलं, बारीक बायकी आवाज काढून. आईला घेऊन मी जिना उतरत होते, तेव्हा वरून हसणं ऐकू येत होतं.

बसस्टँडवर आई माझ्यावरच चिडली. "अर्ध्यातून काहून उठवलं मले? त्या पोरीचं काय झालं?"

"झालं लगन. त्याच म्हाताऱ्यासंगं."

"अन् बुढी?"

"बुढी चुलीजवळ बसून राहते. पडदा पडते."

आईनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "कोनं लिवलं हे?"

"तिकडच्या एका मोठ्या घरच्या माणसानं."

"त्याच्या बहिणीचं असं लगन लावाले पाह्यजे होतं."

पुढच्या महिन्यात तेच वाचन दुसऱ्या बाईंना घेऊन झालं. मला कोणी बोलावलं नाही. सर नंतर एकदा वरठी स्टेशनवर भेटले, हसून नमस्कार केला. मी पाहिलं आणि सरळ डब्यात चढले.

ती नाटकं मी आजही वाचते, मूळ इंग्रजीतून. खेडूत कोपऱ्यात बसून गोड बोलू लागला की माझा राग वर येतो. आजीची ती लग्नाची ओळ आली की मात्र मी मोठ्यानं वाचते, घरात कोणी नसताना. तिथं मला अजून हसू आलेलं नाही.