न केलेल्या कामाचं दुखणं

संध्याकाळी उजवा खांदा ठणकला नाही, तर गिलावा करणाऱ्या मिस्त्रींना चुकल्यासारखं वाटे. थापी उजव्या हाताने फिरते, तेव्हा दुखायचं ते उजव्या खांद्यानेच. कंबर दुखली तर माल खालून उचलला असणार. कुठे दुखतंय यावरून दिवसभरात काय काम झालं ते मिस्त्री सांगत. हाताखालचा कुणी काही दुखत नाही म्हणाला, की विचारत, "मग दिवसभर काय भिंतीशी गप्पा मारत होतास?"

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली. हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली आणि दोन गोळ्या कायमच्या मागे लागल्या. रात्रीची गोळी रक्तातली चरबी आटोक्यात ठेवणारी, दुपारी जेवणानंतरची रक्त पातळ ठेवणारी. या गोळ्यांच्या जिवावर आपण पुन्हा परांचीवर चढलो, हे मिस्त्री विसरले नव्हते. दाढी करताना कापलं तर रक्त लवकर थांबत नसे, कोपर चौकटीला घासलं की निळा डाग उठे. बायको म्हणे, भिंती संपल्या म्हणून आता स्वतःलाच रंगवायला घेतलंय वाटतं. दोघं हसून सोडून देत.

मागच्या तपासणीत रात्रीच्या गोळीची ताकद वाढवली आणि काही आठवड्यांनी मांड्या दुखू लागल्या. दोन्ही, अगदी सारख्या. आधी मिस्त्रींना बरंच वाटलं. म्हणजे अजून अंगाला काम लागतंय. पण सुट्टीच्या दिवशी खुर्चीतून उठताना हाताचा रेटा द्यावा लागला, तेव्हा ते चपापले. काम न करता दुखणं म्हणजे त्यांच्या लेखी फुकटची मजुरी घेणं. आणि घरात बोलायची सोय नव्हती. जाळी बसल्यापासून लेक टपलेलीच होती: बाबा, आता थापी खाली ठेवा. थापी खाली ठेवल्यावर आपण कोण उरतो, हे मिस्त्रींना ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी भलताच उपाय काढला. दुखण्याला शोभेल इतकं काम करायचं. मालाची घमेली ते स्वतः जिन्यावरून वर नेऊ लागले. आता मांड्या दुखायला कारण होतं.

दुखणं दुप्पट झालं. त्याच इमारतीत रंगारी काम करत होता, त्यांचा जुना सोबती. तो गुडघ्यांसाठी दुखणं मारणाऱ्या गोळ्या डबीत बाळगून असे. मिस्त्रींनी त्या मागून घेतल्या आणि सकाळी रिकाम्या पोटी चहाबरोबर घेऊ लागले. मांड्या जरा हलक्या झाल्या, पण पोटात जळजळ सुरू झाली. मग शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं. तेही त्यांनी पोटातच ठेवलं.

एका सकाळी परांचीवर उभं असताना भिंत कलल्यासारखी वाटली. मिस्त्रींनी सवयीने ओळंबा सोडला. दोरी सरळ, भिंतही सरळ. कलत होते ते स्वतःच. ते तिथेच फळीवर बसले.

रंगाऱ्याने त्यांना धरून खाली आणलं आणि उजेडात चेहरा पाहिला. "अरे, तुला चुन्याचा हात कुणी मारला?" म्हणाला खरा, पण त्याला हसू आलं नाही. मिस्त्रींनी सगळं सांगून टाकलं, काळ्या शौचासकट. रंगाऱ्याने ब्रश होता तसा टाकला, गाडी थांबवली आणि त्यांना थेट दवाखान्यात नेलं. वाटभर तो आपल्या डबीला शिव्या देत होता.

पोटात जखम होती आणि ती झिरपत होती. घशातून नळी घालून डॉक्टरीणबाईंनी रक्त थांबवलं, बाहेरचं रक्त चढवलं. मिस्त्री शुद्धीत, बोलण्याच्या अवस्थेत आल्यावर त्या खुर्ची ओढून बसल्या. बायको आणि लेक शेजारीच होत्या. बाईंनी नीट फोड करून सांगितलं. दुपारच्या गोळीने पोटाचं अस्तर नाजूक होऊ शकतं आणि रक्त लवकर थांबत नाही. त्यात रंगाऱ्याची गोळी पडली. मांड्या दुखल्या त्या बहुधा रात्रीच्या गोळीने. ती बदलू, कमी ताकदीची देऊ, रक्त तपासून बघू. दुपारची सध्या थांबवलीय, पुन्हा कधी सुरू करायची ते मी सांगेन, सोबत पोट सांभाळणारी देईन. पण मनाने एकही बंद करायची नाही आणि मनाने एकही घ्यायची नाही.

"पाय दुखतात हे दवाखान्यात का नाही सांगितलं?"

"काम करणाऱ्याचे दुखतातच, बाई."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

मिस्त्रींनी लेकीकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर हिने थापी काढून घेतली असती."

लेकीने डोळे पुसले. मग तिनेच बाईंना विचारलं, बाबा पुन्हा कामावर कधी जाऊ शकतील? बाई म्हणाल्या, अंगात रक्त भरू दे, मग जाऊ देत. घमेली मात्र दुसऱ्याने उचलायची.

गेल्या आठवड्यात मिस्त्रींनी एक खोली गिलावून दिली. माल हाताखालच्यांनी वर आणला. रंगारी अधूनमधून डोकावून भिंतीआधी मिस्त्रींचा रंग तपासून गेला. संध्याकाळी मिस्त्री घरी आले, खुर्चीत बसले, हात न टेकता उठून पाहिलं, आणि पुन्हा बसले.

"अहो, काही दुखतंय का?" बायकोने विचारलं. आता रोजच विचारते.

"उजवा खांदा," मिस्त्री म्हणाले. "फक्त उजवा."

तिने तेलाची वाटी आणली.