ड्रायव्हर कंपनीनं उघडला, शाल तांबेला

मला हे लिहायचं नव्हतं. सुजाता म्हणाली, "परबकाका, चहाला बसलात की तुम्ही तेच तेच सांगता. एकदा लिहून टाका, म्हणजे आम्ही सुटू." आमच्या अभ्यासिकेची चावी तिच्याकडे असते, त्यामुळे तिच्याशी वाकडं घेऊन चालत नाही. म्हणून लिहितोय. सातवी नापास माणूस आहे, लागेल तसं वाचा. अभ्यासिकेतले किस्से म्हणजे माझ्या कपाटातल्या जुन्या वायरी. टाकवत नाहीत, आणि एक ओढली की दहा बाहेर येतात.

अभ्यासिका म्हणजे घाटकोपरला विहाराच्या माडीवरची लांब खोली. तिथे स्पर्धा परीक्षेवाली मुलं बसतात. अंधेरीच्या एका कार्टून बनवणाऱ्या ऑफिसनं त्यांना आठ जुने कॉम्प्युटर दिले. प्रत्येकात विटेएवढं ग्राफिक्स कार्ड, पडद्यावर चित्र आणणारं. विंडोज काढून घेतलेलं, म्हणून त्याच्या जागी लिनक्स टाकलं. ते फुकट. टाकलं सुरेश तांबेनं. तांबे टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला, इंग्लिश घडाघडा वाचतो. मी टीव्ही मेकॅनिक, नाहूरला दुकान होतं. रविवारी आम्ही दोघं मिळून मशीनं बघायचो. दोघांच्या हाताला धूळ सारखीच, पण मुलं त्याला म्हणायची "सर" आणि मला "काका".

तिथूनच माझं डोकं फिरलंय.

*

कार्डाचं आणि सिस्टीमचं बोलणं व्हायला मधे एक दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. कार्डवाली कंपनी तो बंद डब्यात द्यायची. आत काय आहे ते कोणाला ठाऊक नाही. लिनक्सचं अपडेट आलं की दुभाषा रुसायचा आणि पडदा काळा. तांबे चष्मा लावून इंटरनेटवर वाचत बसायचा. मी सहा महिने चुकत चुकत एक रीत बसवली. आधी हे काढायचं, मग ते टाकायचं, सगळं न बघता, नुसत्या बोटांनी. वहीत लिहून ठेवली. पार दिंडोशीवरून लोक मशीन घेऊन यायला लागले. आल्या आल्या विचारायचे, परब कुठे आहेत? तांबेला कोणी विचारायचं नाही.

वही मी कोणाला दाखवली नाही. तांबे मागे येऊन उभा राहिला की मॉनिटर भिंतीकडे फिरवून टाइप करायचो. दोन वर्षं असं चाललं. एकदा सुजातानं विचारलं, "काका, पडदा तर काळाच आहे ना? मग लपवताय काय?"

*

एका रविवारी तांबे पेढे घेऊन आला. मला वाटलं नातू झाला. तर म्हणे कंपनीनं ड्रायव्हर उघडा केला. आतला सगळा मजकूर जगाला वाचायला ठेवला. कोणीही बघा, चूक दिसली तर सुधारा. बातमी त्यानं उभं राहून वाचून दाखवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, इतकी वर्षं बंद ठेवला तेव्हा शिव्या घातल्या नाहीत, आणि आता उघडला तर पेढे कशाला?

तांबे म्हणाला, "परब, जळतोस रे तू."

"कोणावर? कंपनीवर?"

"हो. कंपनीवर."

मी दोन पेढे खाल्ले. खरंच जळत होतो. उद्या अपडेट आलं आणि पडदा काळा झालाच नाही, तर परबला बोलावणार कोण?

*

पुढचा प्रकार याहून भारी. तांबेनं कधीतरी त्या कंपनीला एक ईमेल टाकला होता, ड्रायव्हर उघडा करा म्हणून. हे विहार कमिटीच्या गायकवाडांना कळलं. झालं. सत्कार. गायकवाड माईकवर म्हणाले, "आपल्या तांबेसाहेबांनी पाठपुरावा सोडला नाही, शेवटी कंपनीला झुकावं लागलं." शाल, नारळ, फोटो. मी तिसऱ्या रांगेत घाम पुसत बसलेलो.

नंतर जिन्यात गाठून विचारलं, कंपनीनं तुला उत्तर तरी दिलं होतं का? तांबे म्हणाला, "दिलं ना. तुमचा मेल मिळाला, असं."

मे महिन्याच्या उकाड्यात दोन दिवस ती शाल त्याच्या खांद्यावर होती.

*

मग पुढच्या शनिवारी तांबेनं उघडा ड्रायव्हर टाकायला घेतला, आठही मशीनवर एकदम. मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, आधी एकावर करून बघ. तर म्हणे, आता ते दिवस गेले. आणि आठही पडदे काळे. उघडा ड्रायव्हर निघाला फक्त नव्या कार्डांसाठी. आमची कार्डं जुनी. कंपनीनं तशी यादी दिली होती. इंग्लिश घडाघडा वाचणाऱ्या माणसानं नेमकी तीच वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांची सराव परीक्षा, कॉम्प्युटरवर. मी मनोरीला बहिणीकडे जेवत होतो. सुजाताचा फोन आला. खोटं कशाला बोलू, इतकं बरं वाटलं की अजून एक बांगडा मागून घेतला. मग फेरीबोटीनं मार्व्याला आलो आणि पुढे घाटकोपर. जुना बंद ड्रायव्हर एकेका मशीनवर परत चढवत गेलो. तांबे कोपऱ्यात बसून होता. माझ्या आयुष्यातली झकास संध्याकाळ.

पाचव्या मशीनला सुजातानं हळूच विचारलं, "काका, आज तुम्ही मनोरीला होता म्हणून आलात. उद्या कुठे लांब गेलात तर?"

"लांब म्हणजे कुठे?"

ती पुढच्या मशीनची वायर सोडवायला लागली. मला कळलं ती कुठलं लांब म्हणतेय. उरलेली तीन मशीनं मी मॉनिटर न फिरवता केली.

*

सोमवारी वहीतलं पान झेरॉक्स करून अभ्यासिकेच्या भिंतीला चिकटवलं. सहा पायऱ्या. खाली जाड अक्षरात, रीत बसवणारा: दत्ताराम परब. म्हटलं, कंपनीनं उघडलं तर टाळ्या, परबनं उघडलं तर काय होतं बघू. काहीच झालं नाही. एका मुलानं त्यावर कॅलेंडर टांगलं, ते मी काढलं.

रविवारी गेलो तर कागदावर लाल पेन. चौथ्या पायरीवर आडवी रेघ. चौथी पायरी अशी होती: मशीन बंद करून प्लग काढावा, शंभरपर्यंत मोजावं, मग पुढे. जुन्या टीव्हीत करंट साठून राहतो, उतरेपर्यंत थांबावं लागतं. हाताला लागलेली सवय. शेजारी लिहिलं होतं, "गरज नाही. तपासून पाहिलं. सु. तांबे."

खूप बोललो. तांबे नव्हता, तरी बोललो. मुलं बाहेर गेली. मग एक मशीन मुद्दाम बिघडवलं आणि न मोजता केलं. पडदा आला. दुसरं केलं. आला. आठही केली.

दोन वर्षं मी हातात प्लग धरून शंभर मोजत उभा राहायचो, आणि दिंडोशीवरून आलेली माणसं बोलणं थांबवून माझ्याकडे बघत राहायची.

आता मुलं कागद बघून आपापलं करतात. परवा सुजातानं केलं, चहा निवायच्या आत. मला कोणी बोलावलं नाही.

पण माझी पायरी खोडली ती लाल पेननं, सगळ्यांना दिसेल असं, मला न विचारता. त्यानं माझी माफी मागायची राहिलीय. नाव लिहून ठेवतो: सुरेश तांबे.